बिसरामच्या बाजूने बोलणारा

दरेकशाच्या आमच्या टिनाच्या प्रार्थनाघरात बिसराम मागच्या भिंतीला टेकून बसायचा आणि शेवटी उभा राहून दर रविवारी एकच विनंती करायचा, "माझ्या पापासाठी प्रार्थना करा जी." कोणतं पाप, ते कधी सांगायचा नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी भाकरीची ताटली आली की न घेताच पुढे सरकवायचा.

"काऊन बिसराम, उपास हाये का?" शेजारी बसणारा इंद्रकुमार चिडवायचा.

"पोट बरं नाही."

"तुझं पोट बरोबर याच दिवशी बिघडते बाप्पा!"

तसा बिसराम हसरा माणूस. मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्त्याचे पुडे बांधायला त्याच्यासारखा हात नाही. बायको गेल्यावर थोडा गप्प झाला होता, पण हे गप्प राहणं वेगळं होतं. ते गेल्या फागुनातल्या आगीनंतरचं.

मोहाखाली वाळका पाचोळा साचला की पडलेली फुलं दिसत नाहीत, म्हणून लोक वेचणीच्या आदल्या दिवशी तो जाळतात. वनखात्याची बंदी आहे. तरी जाळतात. दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी वारा फिरला आणि आग गवतातून कलाबाईच्या गुरांच्या कोठ्यापर्यंत गेली. वासरू सोडायला ती आत धावली. वासरू वाचलं, तिचे पाय भाजले. अजून काठी घेऊन चालते.

आगीत जळालेल्या वाटेवर बिसरामचं मोहाचं झाड होतं, म्हणून वनखात्याने त्याला बोलावलं. ऑफिसात एकट्याने जायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. शिकलेलं कोणीतरी सोबत न्यायचं, बोलायचं त्याने, आणि ज्याचं काम त्याने दाराशी हात जोडून उभं राहायचं. मी शिकलेली, म्हणून बिसराम मला घेऊन गेला. मी साहेबांना ठणकावून सांगितलं, "हा आमच्या मंडळीतला माणूस. नाही लावली म्हणतो, म्हणजे नाही लावली." साहेबांनी मानलं. कोण्या वाटसरूच्या बिडीवर ढकलून प्रकरण मिटलं.

यंदा मोह गळायला लागला तेव्हा बिसराम माझ्या अंगणात येऊन बसला. मी तांदूळ पाखडत होते.

"बाई, देवाजवळ माझ्यासाठी एकडाव बोला. ऑफिसात बोलल्या होत्या तशा. तुमचं पोचते."

मला रागच आला. "वर्षभर तेच लावलंस! तुझ्यासाठी बोलणारा प्रभू पित्याच्या उजवीकडे बसलेला आहे ना? मेला, उठला, वर गेला, तो काय तिथे मुका बसलाय? का रविवारी सुट्टी घेतो?"

"बोलते, खरं हाये. पण उठून गेला असन तं?"

"तो कशाला उठेल?"

बिसराम जमिनीकडे बघत राहिला. "आग मीच लावली होती, बाई."

मी सूप खाली ठेवलं.

"तुमाले तवा माहीत असतं, तं आल्या असत्या माझ्यासंग?"

"नसते आले." खोटं कशाला बोलायचं?

"मंग तो तं देव हाये, त्याले सगळं माहीत…"

"अरे, ऐक नीट. मला माहीत नव्हतं म्हणून मी बोलले. त्याला तू काडी ओढलीस तेव्हाच माहीत होतं. त्याच्याही आधी माहीत होतं. माहीत असून तुझ्यासाठी मेला, आणि माहीत असून आत्ताही बोलून राहिला आहे. आता त्याला नवीन काय कळणार आहे, की तो उठून जाईल?"

बिसरामने मान वर केली. "म्हणजे मी वाचलो?"

"त्याच्यावर भरवसा ठेवलास तेव्हाच वाचलास. म्हणून आता कलाबाईकडे जा. वाचावंस म्हणून नव्हे, तिचे पाय भाजले म्हणून. मग साहेबांकडे. मी येते सोबत. या खेपेला माहीत असून."

कलाबाई ओसरीत खाटेवर बसली होती. बिसराम उभ्यानेच बोलला, "आग माझी होती, कलाबाई."

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मी खाटेवर पडली तवा तू रोज पेज आणत होता. मी म्हणत होती, केवढा भला माणूस!"

"माफी दे."

"तुझा देव देईन. मी नाही देत. जाय."

तो गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो. साहेबांनी गुन्हा नोंदवला आणि मलाही चार शब्द सुनावले. ऐकले.

रविवारी ताटली मागच्या भिंतीपर्यंत गेली. बिसरामने भाकरीचा तुकडा उचलला. तो निसटून मांडीवर पडला. त्याने तो वेचून घेतला, मोहाचं फूल वेचावं तसा, आणि तोंडात घातला.

"पोट बरं झालं वाटते," इंद्रकुमार कुजबुजला.

"नाही. दुखूनच राहिलं," बिसराम म्हणाला.

शेवटी तो उभा राहिला. त्याची विनंती सगळ्यांना पाठ होती, म्हणून कोणी मागे वळूनही पाहिलं नाही.

"आज माझ्यासाठी नको जी. माझ्यासाठी बोलणारा हाये. कलाबाईच्या पायांसाठी करा."