गोळोबाची खोळ

४ मार्च १९३७, गुरुवार, सकाळी सव्वासात. खळ्यावर बैल नुकतेच जुंपले होते. वेशीतून एक दमणी आत आली आणि तिच्यातून हैदराबादच्या अजायबखान्याचे एक अधिकारी उतरले. मागून दोन माणसांनी एक लाकडी पेटी उतरवली. तिच्यात वासरू मावले असते.

मी त्या वेळी गावचा पोलीस पाटील होतो. वय सत्तावीस. महिन्यापूर्वी भोकरदनच्या कचेरीत या अधिकाऱ्यांनी आसपासच्या पाटलांना बोलावून सांगितले होते की, घरात, शेतात जुनी हत्यारे असतील तर ती अजायबखान्याला द्यावीत. तेथे ती जपली जातील. मला ते पटले. खेळणा नदीच्या काठी सव्वाशे वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. आमच्या नांगरांना तिचे तोफगोळे अजूनही लागत. लहान गोळे लोक दाराला टेकू म्हणून लावीत किंवा भंगारात देत. मी अधिकाऱ्यांना सांगितले, "आमच्या शिवारात एक आहे, घागरीएवढा. देतो."

घागरीएवढा गोळा त्यांच्या संग्रहात नव्हता. म्हणून एवढी पेटी.

अडचण एकच होती. तो गोळा गावाचा देव होता. नदीकडच्या एका शेतात तो नांगराला लागला तेव्हा फाळ मोडला, पण बैलांना काही झाले नाही. शेताच्या मालकाने त्याला बांधावर बसवून शेंदूर लावला. पुढे म्हैस व्याली की पहिला चीक त्याला जाऊ लागला. गोळोबा हे नाव कोणी ठेवले, ते ठाऊक नाही. मालक वारल्यावर त्याची बायको दर अमावास्येला शेंदूर लावी. ती नात्याने माझी काकी लागे. जिभेने ती कोणाचीच काही लागत नसे.

शब्द देताना मी गावाला विचारले नव्हते. शब्द फिरवला असता तर कचेरीत मला कोणी खुर्ची दिली नसती. देव दिला असता तर गावात कोणी रामराम केला नसता. त्या सकाळी मला दोन्ही हवे होते.

अधिकाऱ्यांना मी आधी घरची तलवार दिली. ती आजोबांच्या आजोबांची. दसऱ्याला तिची पूजा होई. बाकी वर्षभर ती माजघरातल्या खुंटीवर गंजत असे. दिली. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

मग आम्ही बांधावर गेलो. खळी सोडून निम्मे गाव आधीच तेथे जमले होते. काकी देवापुढे मांडी घालून बसली होती.

"काकी, साहेब आले आहेत," मी म्हणालो.

"दिसून राह्यले की. टोपी लाल हाय, शेंदराला शोभती."

"गोळा हैदराबादला नेणार आहेत. तिथं काचेच्या कपाटात राहील. घरची तलवारही दिली मी."

"तलवार तुमची व्हती, तुम्ही दिली. गोळा काय तुमच्या बापानं झाडला व्हता?"

लोक हसले. अधिकाऱ्यांना मराठी बेताचे कळे, पण हसू कळले. तेही हसले.

गुरवाने तोड काढली. "देवालाच इचारू. कौल लावतो. उजवा दाना आधी पडला तर गोळोबा जायला राजी. डावा पडला तर न्हाई."

काकीने मान हलवली. मीही हलवली. दुसरा उपाय नव्हता.

गुरवाने ज्वारीचे दोन दाणे ओले केले आणि देवाच्या दोन्ही बाजूंना एकेक चिकटवला. सगळे दाण्यांकडे पाहत बसले. अमावास्या जवळ आली की काकी आधीपासूनच त्याच्यावर शेंदराचा हात फिरवी. त्यामुळे वरचा शेंदूर ताजा आणि तेलकट होता. दाणे त्यात रुतले. उजवा पडेना, डावा पडेना. ऊन चढले. अधिकारी लिंबाखाली बसले होते. त्यांनी अदबीने विचारले, "पाटील साहब, देवसाहब का कुछ जवाब आया?"

"सोच रहे हैं," मी म्हणालो.

"ठीक है, ठीक है. बड़े लोग जल्दी नहीं करते."

अखेर गुरवाचा धीर सुटला. दाणे काढून पुन्हा लावावेत म्हणून त्याने अंगठा दाबला. टचकन आवाज झाला. देवाच्या डोक्यापासून खालपर्यंत तडा गेला.

गुरव मागे सरकला. "मी न्हाई केलं," तो म्हणाला. पाहणारे साठ-सत्तर लोक होते.

माझा शब्द त्या तड्यात गेला असे मी धरून चाललो. काकी पुढे वाकली. तिने तड्यात नख घातले, आत पाहिले आणि मोठ्याने हसली.

"आरं, खोळ टाकून राह्यलाय त्यो! तुम्ही मारे दाने लावता. त्यानं आंगरखाच काढला."

शेंदराचे थर वर्षानुवर्षे चढले की त्यांचे कवच होते, आणि एक दिवस ते सुटते. ही गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक होती. भीतीने कोणाला सुचली नव्हती. रीत अशी की सुटलेली खोळ नदीत सोडायची आणि आतल्या देवाला नवा शेंदूर लावायचा. गुरवाने ती रीत सांगितली. हात त्याने मागेच ठेवले होते.

"नदीला काय करायचाय माझा शेंदूर?" काकी म्हणाली. "मालकानं लावला, मंग मी लावला. लोखंड आधी बी व्हतं, तवा कुनी पाया पडत न्हवतं. साहेबाला लोखंड पाहिजे ना? नेऊ द्या. खोळ हितंच ऱ्हाईल. देव आमचा, गोळा त्येंचा."

"असं चालतं का?" मी गुरवाला विचारले.

"बिलकुल चालतं," गुरव म्हणाला. त्या क्षणी त्याला काहीही चालले असते.

तड्यात करडईचे कोमट तेल सोडले. थोड्या वेळाने खोळ नारळाच्या करवंटीसारखी दोन भागांत सुटली. आतून गोळा निघाला. तो कवठाएवढा होता.

"येवढाच व्हता व्हय?" मागून कोणी तरी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी पेटीकडे पाहिले, मग गोळ्याकडे, मग माझ्याकडे. मी घागर म्हणालो होतो. मी नजर वळवली नाही. त्यांनी गोळा उचलून उपरण्याने पुसला. पुसता पुसता त्यांचा चेहरा बदलला. लोखंडावर गंजाचा ठिपकाही नव्हता. साच्याची रेघ काल ओतल्यासारखी स्पष्ट होती.

"हमारे पास ऐसे बहुत हैं," ते म्हणाले, "मगर सब को ज़ंग खा गया. ये तो नया है. अम्मा, आपने हमसे बेहतर रखा."

काकीला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "मंग तिकडं बी दर अमावास्येला तेल लावा म्हनावं. काचंत ठिवून लोखंड टिकतं व्हय?"

अधिकाऱ्यांनी ते मान्य केले.

आता खोळीत भरायला धोंडा हवा होता. माणसे नदीत उतरली. काकी एकेक धोंडा हातात घेऊन परत फेकी. "ह्यो चपटा. देव काय भाकर हाय?" "ह्यो लांबट. वांगं आनलंय मेल्यानं." शेवटी गुरवाने आणलेला धोंडा बसला. जरासा खुळखुळत होता. अधिकाऱ्यांनी पेटीतला कापूस काढून दिला. तो भोवती घट्ट बसवला. त्यांच्या पेटीत आम्ही खळ्यावरचा भुसा भरला. गोळा आणि तलवार त्यात मावून जागा पुष्कळ उरली. काकीने त्या जागेत भाजलेल्या शेंगांची पुरचुंडी ठेवली.

दमणी वेशीबाहेर गेल्यावर काकीने शेंदराची वाटी माझ्यापुढे धरली.

"सांधा तुम्ही भरा, पाटील. साहेब तुम्हीच आनल्ता."

मी भरला. सांधा दिसेनासा झाला तेव्हा दिवेलागण झाली होती. जमलेल्या प्रत्येकाने आधी देवाला हात जोडले आणि मग, जाता जाता, मला रामराम घातला.

घरी येऊन राखेने हात धुतले. लाली गेली नाही. कंदिलाची काच पुसली, ती लाल झाली, पुन्हा पुसली. माजघरातली खुंटी रिकामी होती. मोटेचा नवा नाडा कोपऱ्यात पडला होता, तो तिच्यावर टांगला.