तळघरातली हवा

पगारेभाऊंना मी खुर्चीत बसलेलं फारसं पाहिलंच नाही. द्वारका चौकाजवळच्या आमच्या रुग्णालयात ते इलेक्ट्रिशियन होते आणि मी रेकॉर्ड विभागात कारकून. चहासुद्धा ते उभ्यानेच घ्यायचे. दोन घोट झाले की "येतो हं मॅडम, जरा खाली बघून," म्हणत कप तसाच ठेवून तळघरात. उन्हाळ्यात तर दर अर्ध्या तासाला.

तळघरात हवेवर थंड होणारा ट्रान्सफॉर्मर होता. असेच ट्रान्सफॉर्मर बनवण्यात भाऊंची उमेदीची वर्षं सातपूरच्या कारखान्यात गेली होती. "याला तेल नाही मॅडम, नुसती हवा. तीच कोंडली तर बिचाऱ्याने करायचं काय?" तापमानाचा आकडा त्यांनी मला एकदा दाखवला होता. एकशे चाळीसला भोंगा वाजतो, दीडशेला ट्रान्सफॉर्मर आपोआप बंद पडतो.

"म्हणजे दीडशेपर्यंत चालतंय की," मी म्हणाले.

"चालतंय. पण आतलं इन्सुलेशन भाजत राहतं. माणूस तापात कामावर आला म्हणून काय त्याला बरा म्हणायचं?"

त्या मे महिन्यात रेकॉर्ड रूमचं रंगकाम निघालं. जुन्या केसपेपरची बावीस खोकी मी तळघरात उतरवून घेतली आणि ट्रान्सफॉर्मरच्या खोलीला बाहेरून टेकवून रचायला लावली. त्याच भिंतीतल्या झडपांमधून आत हवा जायची. माझ्या ते लक्षातच आलं नाही. भाऊ सकाळपासून गच्चीवर जनरेटरच्या दुरुस्तीत अडकले होते.

दुपारी ते खाली गेले तेव्हा भोंगा रिकाम्या तळघरात वाजत होता. आकडा एकशे शेहेचाळीस. जनरेटर उघडून ठेवलेला, म्हणजे दुसरी वीज नाही, आणि वर दोन ऑपरेशनं चालू. भार कमी करायला त्यांनी कुणालाही न विचारता कार्यालयाच्या मजल्याचे सगळे एसी बंद केले. तिथे विश्वस्तांची बैठक चालली होती.

एसी अचानक बंद झाल्याचं ऐकून मी धावत खाली पोचले तर ते घामाने निथळत खोकी ओढत होते. "मॅडम, धरा!" एवढंच म्हणाले. भिंत मोकळी झाली तरी आकडा चढतच होता. भाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत पुटपुटत होते, "अठ्ठेचाळीस... अजून अठ्ठेचाळीसच..." बऱ्याच वेळाने सत्तेचाळीस झाले, तेव्हा त्यांनी भिंतीला हात टेकला.

दुसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला: परवानगीशिवाय वीज बंद केली, तळघरात अडगळ साठू दिली. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. मी गप्प बसले.

ते निवृत्त झाले त्या दिवशी मात्र मला राहवेना. जिन्यात गाठून मी म्हणाले, "भाऊ, ती खोकी मी ठेवली होती."

"माहितीये. केसपेपर दुसऱ्या कुणाचे असणार?"

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हाला काढलं असतं आणि विषय संपला असता. मेमो माझ्यावर आला, म्हणून मला उत्तर द्यायला मिळालं. त्यात मी त्या भिंतीपुढे जाळीचं कुंपण मागून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी सगळं प्रशासनाला लिहून दिलं. महिन्याभराने मेमो रद्द झाल्याचं पत्र निघालं, ते घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. मग आतून पत्नीला बोलावलं आणि तिला मोठ्याने वाचून दाखवू लागले. तिसऱ्या ओळीवर थांबून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. पुढचं मी वाचलं.