डिटेक्टरची जागा

माझ्या लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट पडले होते, आणि हे मी पुण्याला घरी सांगितलं नव्हतं, ऑफिसात सांगितलं नव्हतं, जिच्याबरोबर घर शेअर करते त्या मैत्रिणीलाही सांगितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये टेस्ट पास झाल्यावर पहिली दोन वर्षं जपून काढावी लागतात. तेवढ्यात सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि लेखी परीक्षेपासून सगळं पुन्हा. टेस्टची तारीख मिळायलाच कित्येक महिने जातात. माझं काम गोदामांमध्ये जाऊन तिथलं सॉफ्टवेअर चालू करून देण्याचं. गोदामं असतात मोटरवेच्या कडेला, जिथे बसही जात नाही. इंटरव्ह्यूमध्ये मला पहिल्या पाच मिनिटांत विचारलं होतं, गाडी चालवता ना? हो म्हटलं म्हणून नोकरी, आणि नोकरी आहे म्हणून व्हिसा. आणखी तीन पॉइंट पडले तर काय काय जाईल, याची यादी मला पाठ होती.

मी मिल्टन कीन्सला राहते. इथले रस्ते चौकटींमध्ये आखलेले, दोन्ही बाजूंना झाडं, आणि दर थोड्या अंतरावर राउंडअबाउट. एका रस्त्यावर ताशी सत्तर मैलांची मर्यादा, तर तसाच दिसणारा पुढचा रस्ता चाळीसचा. त्या चाळीसच्या रस्त्यावर मी छप्पनने जाताना पकडले गेले.

ज्यांना कुणाला काही विचारायचं नसतं ते करतात तेच मी केलं. तीन आठवडे रात्रंदिवस रिव्ह्यू वाचले आणि रडार डिटेक्टर मागवला. तळहाताएवढी काळी डबी. पुढे कुणी रडारने वेग मोजत असेल तर ती ओरडते, आणि कायमचे कॅमेरे कुठे आहेत हे तिला उपग्रहावरून कळतं. ती वापरणं इथे कायदेशीर आहे. पोलिसांच्या यंत्राला आंधळं करणारी वस्तू लावली तर मात्र गुन्हा. हे सगळं मी दोनदा तपासलं होतं, तरी पार्सल आलं तेव्हा कुणी बघायच्या आत ते वर खोलीत नेलं.

मग ती डबी मी स्वतःच बसवली. डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध, रस्त्याकडे तोंड केलेला पितळी गणपती होता. गाडी घेतली त्या दिवशी आईने व्हिडिओ कॉलवर ‘अजून थोडा उजवीकडे, हां, आता बरोबर’ असं करत मला तो चिकटवायला लावला होता. त्याच्या पुढे काचेला व्हॅक्यूमच्या रबराने डबी लटकवली असती तर समोर आडवी आली असती, म्हणून मी ती गणपतीच्या अलीकडे, माझ्या बाजूला ठेवली. वायर खाली सिगारेट लायटरच्या खोबणीत. तिसऱ्या गिअरला हात गेला की वायर हाताला अडकायची. रस्त्यावर डबी मुकी असायची. एकदा पोलिसांच्या व्हॅनसमोरून गेले तरी हूं नाही की चूं नाही. सुपरमार्केटच्या दारापाशी मात्र ती जिवाच्या आकांताने ओरडायची, कारण आपोआप उघडणाऱ्या दारांमध्येही तसल्याच लहरी असतात. पहिल्यांदा ती ओरडली तेव्हा मी पार्किंगमध्ये करकचून ब्रेक लावला आणि मागे ट्रॉली ढकलणाऱ्या आजोबांना हात जोडून सॉरी म्हटलं. हात जोडून. इंग्रज आजोबांना.

इथे सगळे ज्यांना ताई म्हणतात, त्यांना मी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात पाहिलं होतं. आरतीच्या ऐन आधी हॉलमधली सजावटीची लाइट गेली आणि एक चाळिशीच्या बाई काठपदरी साडीचा पदर कमरेला खोचून, दातात टेस्टर धरून स्टुलावर चढल्या. दोन मिनिटांत लाइट आली. त्यांचा जन्म इथलाच, कामाने त्या ऑटो इलेक्ट्रिशियन, आणि शनिवारी आईच्या घराच्या ड्राइव्हवेवर ओळखीच्यांच्या गाड्या बघतात, एवढं मी शेजारच्या गप्पांमधून ऐकून घेतलं. पंगत उठेपर्यंत थांबले आणि मग माझ्या गाडीतली डबी नीट बसवून द्याल का, असं त्यांना इंग्रजीत विचारलं. त्यांनी मराठीत उत्तर दिलं.

“शनिवार ये. दहा वाजता. टँक भरून आण.”

शनिवारी त्यांनी गाडीत डोकं घातलं.

“हा कोण लावला?”

“मीच.”

“बाप्पाच्या पाठीमागे?”

“हो.”

“बाप्पा पितळेचा आहे. रडार पुढून येतो. ह्या बिचाऱ्याला काय दिसणार, बाप्पाचा पाठ?”

त्यांच्या मराठीत कुठलीही वस्तू पुल्लिंगी होऊ शकते. मला ते कानाला खटकायचं, पण सातवीनंतर मराठी पुस्तक हातात न धरलेल्या माझ्यासारखीने काय बोलावं? मला वेगळाच प्रश्न पडला होता. आईने बसवलेला देव हलवायचा कसा? ताईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घराकडे तोंड करून हाक मारली, “मम्! बाप्पाला मूव्ह केला तर चालतो का?”

त्यांची आई, म्हणजे काकू, चहाचे मग घेऊन बाहेर आल्या. पन्नास वर्षांपूर्वी साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या, अंगात कार्डिगन, पायात क्रॉक्ससारख्या रबरी चपला. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं.

“हलवा की. दरवर्षी पाण्यात सोडतो आपण त्याला. वीतभर डावीकडे सरकायला त्याचं काय जातंय?”

गणपती डावीकडे सरकला. मला वाटलं, आता डबी काचेवर बसेल आणि तासाभरात मी घरी जाईन. ताईंनी शाळेत तक्ते चिकटवायला वापरतात ती निळी पुटी घेतली आणि डबी आरशाच्या शेजारी नुसती टेकवून ठेवली.

“आता चालव.”

“पण वायर?”

“वायर नंतर. आधी मी ड्रायव्हर बघते. डोळे कुठे जातात ते बघते. मग फिक्स करते. नाहीतर लोक परत येतात, म्हणतात, ताई, दिसत नाही.”

त्या शेजारी बसल्या आणि रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. मला कुणी एवढं निरखून पाहिलेलं सहन होत नाही. शाळेत फळ्यापाशी उभं केलं की मी खडूकडे बघत बोलायचे. इथे बघायला खडू नव्हता. तीन राउंडअबाउट गेले. चौथ्यानंतर, चाळीसच्या रस्त्यावर, एक पांढरी व्हॅन मागे लागली, इतकी जवळ की तिच्या ड्रायव्हरची दाढी मला दिसत होती. ताईंच्या मांडीवर फ्यूजच्या पाकिटाचा पुठ्ठा होता आणि त्यावर त्या पेनने काहीतरी ओढत होत्या. परत येऊन ड्राइव्हवेवर थांबलो तेव्हा त्यांनी तो मला दाखवला. उभ्या रेघांचे दोन गठ्ठे, एक छोटा, एक मोठा.

“हा छोटा, तू पुढे लांब बघितला तेव्हाचा. हा मोठा, तू मिररमध्ये बघितला. तू गाडी मागे चालवतो का पुढे?”

मी चावी फिरवून गाडी बंद केली.

“तो व्हॅन आला तेव्हा तू फॉर्टी-सेव्हनला गेला. तुला माहीत आहे?”

मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

“का?”

“तो मागे अडकला होता,” मी म्हटलं. “माझ्यामुळे.”

हे वाक्य बाहेर पडलं आणि मला छप्पनचा तो दिवस लख्ख आठवला. तेव्हाही मागे कुणीतरी होतं, दिवे मिचकावत होतं, आणि मला वाटलं होतं, बिचाऱ्याला कुठेतरी पोचायचं असेल. वेग मला मुळीच आवडत नाही. पण आपल्यामुळे कुणाचा खोळंबा व्हायला नको, हे आमच्या घरात वरण-भातासारखं रोज वाढलेलं. रिक्षातून उतरायच्या आधी सुटे हातात हवेत. डॉक्टरांकडे प्रश्न एकच विचारायचा, बाहेर लोक बसलेत. पाणीपुरीच्या गाडीवर मी कधी तिखट कमी करायलाही सांगितलेलं नाही. आणि हे सगळं मी इथे चाळीसच्या रस्त्यावर घेऊन आले होते.

मग मी ताईंना तीन पॉइंटचं सांगितलं. दोन वर्षांचं, गोदामांचं, व्हिसाचं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते, त्यामुळे क्रम चुकत होता. काकू चहाचे रिकामे मग न्यायला आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. मला वाटलं होतं ताई म्हणतील, अगं जपून चालवायचं. पण काकू बोलल्या.

“मागचा तो काय आपल्याकडे जेवायला आलाय? पाहुणा आहे का? ताटकळू दे की त्याला.”

“मम् बरोबर बोलते,” ताई म्हणाल्या. “हा बॉक्स पुढचा सांगतो. तुझा प्रॉब्लेम मागे आहे.”

“मग बसवू नको?”

“बसवू. पण मिररजवळ नाही. तिथे बसवला तर तू बॉक्स बघायला वर जाणार आणि मिररमध्ये अडकणार. खाली लावू.”

त्यांनी खूप वेळ घेतला. डबी डॅशबोर्डवर खाली आली, स्टिअरिंगच्या थोडी डावीकडे, जिथून पुढचा रस्ता आणि वरचं आकाश तिला मोकळं मिळेल, पण वायपर माझ्यासमोरची जी काच पुसतो तिच्या आड ती येणार नाही. तशी आली तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. ताईंनी मला माझ्या नेहमीच्या उशीवर बसवलं, केस बांधायला लावले, कारण मी केस बांधून गाडी चालवते, आणि चार वेळा विचारलं, “बघ सरळ. आता डोळे खाली आण. दिसतो?” चौथ्या वेळी डबी मान न हलवता दिसली. मग त्यांनी सेटिंग बदलून तिच्या छोट्या पडद्यावर फक्त चालू वेग ठेवला, मोठ्या आकड्यात.

वायर मात्र त्यांनी मला घालायला लावली. “तुझा गाडी आहे. उद्या काही झाला तर तुला कळायला पाहिजे.” डाव्या बाजूच्या फ्यूजच्या डब्यात मीटर लावून आम्ही अशी जागा शोधली जिथे चावी फिरवल्यावरच वीज येते, कायम वीज असलेली जागा घेतली तर सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. तिथे दोन फ्यूज बसतील असा छोटा जोड घातला. काळी वायर उघड्या लोखंडावरच्या बोल्टखाली दाबली. उरलेली वायर डॅशबोर्डच्या फटीत सपाट प्लास्टिकच्या पट्टीने ढकलत नेली, आणि एअरबॅग कुठून उघडते ते ताईंनी बोटाने आखून दाखवलं, की तिच्या वाटेत कधीही काही नको. माझी नखं काळी झाली. चावी फिरवली तेव्हा पडद्यावर शून्य उमटलं, आणि गाडीत एकही वायर लोंबत नव्हती.

यानंतर महिनाभराने, एका सकाळी गोदामाकडे जाताना, त्या चाळीसच्या रस्त्यावर मागे गाडी आली. मोठी, उंच, दिवे लावलेली. आरसा पांढरा झाला. माझी मान त्या बाजूला वळली, पाय पेडलवर जड झाला, हे मला या वेळी कळलं. डोळे खाली आणले. एकेचाळीस. पाय उचलला. एकोणचाळीस, चाळीस. मागच्याने हॉर्न दिला, लांबलचक. मी मोठ्याने, गाडीत एकटीच, म्हटलं, “ताटकळ.” माझे कान तापले होते. पुढे पुलावर पिवळ्या जाकिटातला पोलीस उभा होता, हातात वेग मोजायची बंदूक, माझ्याकडे रोखलेली. मी पुलाखाली पोचले तेव्हा डबी ओरडली. तोवर मोजायचं ते मोजून झालेलं होतं. अशा बंदुकीपुढे डबी कामाची नसते. बंदूक एका क्षणात वेग मोजून मोकळी होते.

चाळीसच होते का मी, याची खात्री आता मला राहिली नाही. इथे नोटीस यायची असेल तर चौदा दिवसांत घरी येते. ते चौदा दिवस मी पोस्टाच्या आवाजाला मैत्रिणीच्या आधी जिना उतरत होते. पिझ्झाची पत्रकं, कौन्सिलचं पत्र, आधीच्या भाडेकरूची बिलं. पंधराव्या दिवशी काही नाही. सोळाव्या दिवशी शनिवार होता. मी कपडे केले आणि न सांगता ताईंकडे गेले.

त्या कुणाच्या तरी गाडीच्या डॅशबोर्डखाली पालथ्या-उताण्या अशा कशातरी आडव्या होत्या. दाराबाहेर फक्त पाय. पायांशी बोलणं सोपं जातं. मी पुलाचं, हॉर्नचं, पत्राचं सगळं सांगून टाकलं, या वेळी नीट क्रमाने.

“वाजला का?” आतून आवाज आला.

“उशिरा.”

“आणि तू?”

“चाळीसवर होते. बहुतेक. पत्र आलं नाही म्हणजे असणार.”

“गुड.” मग पान्ह्याचा आवाज थांबला. “फोर्टीन डेज तू एकटा वेट केला? फोन का नाही केला?”

“तुम्ही कामात असता, उगाच तुमचा खोळं—”

पाय सरकले. ताई बाहेर आल्या, कपाळाला काळं, आणि गाडीच्या दारात बसून माझ्याकडे बघत राहिल्या, त्या पहिल्या दिवशी बघत होत्या तसं, रेघ ओढायला पेन तेवढं हातात नव्हतं.

मी वाक्य पुरं केलं नाही.

“करेन,” मी म्हटलं. “पुढच्या वेळी करेन फोन.”