चंद्रशेखररावांचं नाक

"बिअरला घड्याळ दाखवू नये, थंडी दाखवावी." चंद्रशेखर ठोंबरे हे इतक्यांदा म्हणत, की लंडनजवळच्या स्लाऊमधल्या त्या ब्रुअरीत नव्यानं आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ते पाठ होई.

ते मूळचे बार्शीकडचे. बायको सुलक्षणाबाई इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आल्या, त्यांच्यामागोमाग हेही आले. आधी गोदामात खोकी उचलली, मग ट्रेडिंग इस्टेट म्हणतात त्या कारखान्यांच्या वसाहतीच्या टोकाला एका छोट्या ब्रुअरीत टाक्या धुवायला लागले. जर्मनीत बव्हेरियातल्या एका दोनशे वर्षं जुन्या ब्रुअरीची ही धाकटी शाखा. तिथून आलेल्या म्हाताऱ्या माथियासनं त्यांना सारं शिकवलं. हॉपची कडू फुलं उकळीत कधी टाकायची, आणि आंबवून झालेली पिल्सनर बिअरसुद्धा गार टाकीत सहा आठवडे निवांत का पडू द्यायची, ते सगळं.

घाई झाली की बिअरला लोण्याचा वास राहतो. म्हणून पिंप भरण्याआधी पेलाभर बिअर झाकून कोमट करायची, झाकण उचलायचं आणि हुंगायचं. लोणी जाणवलं, तर बिअर कच्ची. त्या दिवशी सकाळी कोरड्या पावाशिवाय काही खायचं नाही, हा माथियासचा दंडक. बार्शीच्या माणसाला लोण्याचा वास वेगळा शिकवावा लागला नाही. माथियास मायदेशी परतला, तेव्हापासून अकरा वर्षं शेवटचा शब्द चंद्रशेखररावांचा, आणि तो कधी चुकला नव्हता.

दर मे महिन्यात इथलं एक पिंप जर्मनीला जाई. तिथली जुनी माणसं चव घेत, होकार देत, आणि मगच पुढचं वर्षभर लेबलावर त्या जुन्या ब्रुअरीचं नाव छापता येई. यंदा चव घ्यायचा दिवस शनिवार होता. गुरुवारी सकाळी लॉरी दारात आली. चंद्रशेखररावांनी झाकण उचललं, हुंगलं आणि पेला खाली ठेवला.

"लोणी."

मॅनेजर देविका धावत आली. लंडनच्या हॅरोत जन्मलेली, मराठी घरात शिकलेली. "काका, जोक नका करू. लॉरी बाहेर उभा आहे."

"उभी आहे. तिला जाऊ दे. बिअर कच्ची आहे."

"सिक्स वीक्स झाले ना पूर्ण?"

"नाकाला कॅलेंडर कळत नाही, देविका."

"पण मग नाव जाईल आपला!"

"कच्ची बिअर पाठवून राखायचं, तर कशाला हवं ते नाव?"

देविकानं ओठ आवळले आणि लॉरी रिकामी पाठवली. लॉरी दुसरा माल घ्यायला रीडिंग गावाकडे निघून गेली.

दुपारी चंद्रशेखररावांनी डबा उघडला. पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला आणि हात थांबला. पाण्याला लोण्याचा वास येत होता. त्यांनी दुसरा ग्लास भरला. त्यालाही तोच. मग हळूच बोट मिशीला लावलं.

सकाळी सुलक्षणाबाईंनी ताक घुसळलं होतं. गरम भाकरी, तिच्यावर ताजा गोळा. "अहो, आज टेस्ट आहे ना तुमची?" त्या म्हणाल्या होत्या. "इतक्या वर्षांनी माझं नाक फसतंय होय?" असं म्हणून ह्यांनी भाकरी संपवली होती.

खोलीत कुणी नव्हतं. गप्प बसले असते तर लोक म्हणाले असते, नाव गेलं तरी ठोंबऱ्यांनी कच्चा माल सोडला नाही. त्यांचा मान आणखी वाढला असता. त्यांनी डबा न खाताच मिटला. मग उठले, साबणानं दोनदा तोंड धुतलं आणि ऑफिसात गेले.

"लॉरीवाल्याला फोन लाव. वास बिअरला नाही, माझ्या मिशीला आहे. सकाळी लोणी खाल्लं मी."

"सीरियसली, काका?"

"माथियास असता तर हाताला धरून बाहेर काढलं असतं मला."

देविकानं आधी फोन लावला, लॉरी परत येतेय हे ऐकलं, आणि मगच हसली. "एकटे एकटे खाल्लंत ना! म्हणून झालं."

नवा पेला कोमट करून त्यांनी तिच्यासमोर ठेवला. "तू हुंग."

"मी? तुम्ही आहात ना."

"दोन वर्षं शेजारी उभी राहतेस. येतं तुला."

तिनं डोळे मिटले. एकदा हुंगलं, थांबून पुन्हा हुंगलं. "ब्रेड. थोडं गवतासारखं. लोणी नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग भर पिंप." त्यांनी स्वतः तो पेला नाकाशी नेला नाही.

जर्मनीचा होकार शनिवारी आला. पण गुरुवारी चार वाजता, पिंप लॉरीत चढलं तेव्हा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चंद्रशेखररावांनी पांढरा कोट खुंटीला अडकवला. "सोमवारी येईन मी. पण यापुढे शेवटचा शब्द तुझा," एवढं बोलून ते गोदामांमधल्या रस्त्यानं चालू लागले. चाल नेहमीचीच, सावकाश. देविका माल चढवायच्या दारात उभी राहून बघत होती. ड्रायव्हर कागदावर सही मागत होता. त्यानं दोनदा हाक मारली. ते कोपऱ्यावर वळून दिसेनासे होईपर्यंत तिनं पेन हातात घेतलं नाही.