सुजाताचं तिरकं लँडिंग

तो फ्लेक्स आधी उतरवा.

लालबागला आमच्या बिल्डिंगच्या गेटवर लावलाय. मधे सुजाता, पायलटच्या युनिफॉर्ममध्ये. खाली ‘शोकाकुल’ म्हणून सेक्रेटरी आणि अख्खी कमिटी, तिच्यापेक्षा मोठ्या फोटोंत. वर काय, तर ‘आमच्या बिल्डिंगची शान’.

शान? लाजा नाही वाटत?

सुजाता काल गेली. कॅन्सरने. वरच्या मजल्यावरची, शाळेपासूनची माझी मैत्रीण.
आज नुसतं रडायचं, तर मी इथे भांडत बसलेय. पण गप्प बसवत नाही.

मागच्या पावसाळ्यात तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. सोसाट्याचा आडवा वारा, आणि तिचं विमान नाक तिरकं करून रनवेवर येतंय.
खाली लिहिलेलं, ‘आजचं माझं लँडिंग.’ काय खुश होती बया!

सेक्रेटरीसाहेबांनी तो गावभर फॉरवर्ड केला. ‘बाईच्या हातात स्टीअरिंग दिलं की असं होतं.’
कमिटीवाल्यांनी वर हसून हसून अंगठे दाखवले.

मग वाण्याच्या दुकानात लोक तिच्या आईला विचारायचे, “काकू, पोरगी सरळ चालवायला कधी शिकणार?”

मी तिला म्हटलं, “मला तरी सांग, तिरकं का?”

“अगं, गावाला खाडी ओलांडताना होडीचं तोंड थेट धक्क्याकडे धरतात का? थोडं प्रवाहाच्या उलट धरतात, नाहीतर पाणी भलतीकडेच नेतं. आडवा वारा विमानाला तसाच ढकलतो. म्हणून नाक वाऱ्याकडे ठेवायचं, आणि चाकं टेकता टेकता सरळ करायचं.”

गणपतीत स्टेजवर पोरांना हेच दाखवते म्हणाली. सेक्रेटरी म्हणाले, “नको, पब्लिक घाबरेल.”

ती ग्रुपमधून बाहेर पडली.

हॉस्पिटलमध्ये परवा माझा हात धरून म्हणाली, “बिल्डिंगमध्ये एकदा सांग गं. ते लँडिंग चांगलं होतं.”

मरताना माणसाला हे सांगावं लागतं? संताप होतो नुसता.

तर सांगतेय. पूर्ण व्हिडिओ खाली टाकलाय. हो, पूर्ण. फॉरवर्ड करणाऱ्याने शेवट कापला होता.

आता बघा. नाक सरळ होतं. चाकं टेकतात. आतल्या कुणाच्या हातातला चहासुद्धा हिंदकळला नसेल.

काकूंकडेही तो कापलेलाच पोचला होता. हा शेवट त्यांनी आज पहिल्यांदा बघितला. परत लाव म्हणाल्या.

सुजे, सांगितलं गं सगळ्यांना.
जा आता निवांत.