दाढीचं पातं

उचगावहून बसनं मी बेळगावबाहेरच्या एका हँगरमध्ये कामाला जायची. शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं तिथं दुरुस्त व्हायची. माझ्याकडं वायरिंग होतं. वायरचं वरचं आवरण सोलायला स्ट्रिपर असतो. वायरीच्या जाडीप्रमाणं त्याला खाचा असतात, त्यामुळं आतल्या केसासारख्या तारांना इजा होत नाही. तारांना चीर पडली, की विमानाच्या थरथरीनं वायर कधीतरी तुटतेच.

आमच्यातला सगळ्यात जुना कारागीर, ज्याला आम्ही अण्णा म्हणायचो, घाईत दाढीच्या पात्यानं वायर सोलायचा. बाहेरचं हत्यार आत आणायला बंदी होती. त्यानं जोडलेली एक वायर तुटली आणि विमानाचा दिवा बंद पडला. चौकशीत पातं निघालं माझ्या हत्यारांच्या पेटीत.

"नवीन हाय, साहेब. घाई लई करती," अण्णा माझ्यासमोर म्हणाला.

मला वायरिंगवरून काढून हत्यारं देण्याघेण्याच्या खिडकीत बसवलं. तिथून मी त्याच्यावर नजर ठेवली. तो स्ट्रिपर न्यायचा आणि न वापरता परत आणायचा; खाचांत आवरणाचा कणही नसायचा. मी कुणाला सांगितलं नाही. पुराव्याशिवाय, नुसत्या माझ्या शब्दावर त्याला कुणी धरलं नसतं.

एका दुपारी तो खिडकीशी आला, घामानं भिजलेला.

"आक्का, पातं पडलंय गं केबिनच्या तळात. दिसंना झालंय. विमान आता सोडत्यात. चुंबक दे. कुणाला बोलू नगं."

आक्का! आजवर कधी म्हणाला नव्हता.

मी उठले आणि थेट साहेबांकडं गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "विमान थांबवा. अण्णांचं पातं आत पडलंय."

तळाचे पत्रे उघडले. पातं सापडलं.

"माझ्या पेटीतलंबी तुमचंच न्हवं?" मी विचारलं.

साहेबांच्या हातातल्या पात्याकडं बघत तो म्हणाला, "व्हय."

गेटवर त्यानं मला गाठलं. "घरात पोरं हाईत गं."

"माझ्याबी घरात माणसं हुती. तवा आठवली न्हाईत?"

त्याची नोकरी गेली. मी पुन्हा वायरिंगवर आले. आता आमच्या गावच्या रस्त्यावर त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंदा विहिरीवरची मोटार जळाली, तेव्हा माझे वडील, आप्पा, म्हणाले, "त्याच्याकडंच टाक की. किती दिवस धरून बसशील?"

मी मोटार टेंपोत घातली. त्याच्या दारासमोर टेंपो हळू घ्यायला लावला. तो बाहेर आला. त्यानं मोटार बघितली, मग मला. मी नजर हटवली नाही. मग टेंपोवाल्याला म्हणाले, "चल, बेळगावला."