आत्याच्या परसातली वाट

शैलाआत्या गेल्याचं मला तिच्या शेजारच्या ताराबाईंनी कळवलं. आंबवड्याहून त्यांचा फोन आला तेव्हा मी भोरला शाळेत, आठवीच्या वर्गावर होते. "ताई, बाई गेल्या... परसात बसल्या व्हत्या, बसल्या जागीच. तुमी घाई करू नका, गाडी सावकाश आना. आमी समद्या हाय हितं."

पाच आठवडे झाले त्याला. पण खरं सांगायचं तर आत्या आठवली की रडण्याआधी हसूच येतं.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रांत नर्स म्हणून तिची सगळी नोकरी झाली. जिथं बदली तिथं क्वार्टर, पुढं हातभर अंगण. झाडं लावायची ती तेलाच्या रिकाम्या डब्यांत, आणि बदलीची ऑर्डर आली की भांड्यांच्या आधी डबे टेम्पोत चढायचे. निवृत्त झाल्यावर तिनं आंबवड्यात छोटं घर घेतलं, ते घरासाठी नव्हेच, मागच्या परसासाठी. चांगली दहा गुंठे जागा, उताराची, सगळी घाणेरीनं माजलेली, कडेला एक जुना फणस. पहिल्याच दिवशी मला त्या घाणेरीत उभं करून म्हणाली, "इथं मधोमध गोल हवाय मला. गोलात गुलाब, भोवती विटांची किनार. सरकारी विश्रामगृहात असतो ना, तस्सा!" मी चित्रकलेची शिक्षिका, त्यामुळे आराखड्याचं काम माझ्याकडे. आलेखाच्या कागदावर मी गोल काढला, भाजीचे वाफे काढले, पक्ष्यांना पाणी प्यायला एक दगडी कुंडीसुद्धा काढली. आत्यानं तो कागद देवघराशेजारी चिकटवला. घाणेरी निघाली, आणि एका रविवारी खुंटी-दोरी घेऊन आम्ही दोघींनी पांढऱ्या फक्कीनं तो गोल जमिनीवर आखला. इतका सुरेख आला होता, की आत्या त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोलातून आरपार पावलं उमटलेली. तिरकी, अगदी पट्टीनं ओढल्यासारखी.

जागा पडीक होती तेव्हापासून वरच्या आळीतल्या बायका एसटीच्या थांब्यावर जायला, गवत घेऊन यायला तिथूनच जायच्या. आत्यानं पुन्हा फक्की टाकली, पुन्हा पावलं. तिसऱ्या दिवशी तिला राग आला. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्वार्टरमध्ये राहिले गं मी. एवढी एक जागा माझी, तीही वहिवाटीला द्यायची?" तिनं गडी लावून दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या रचल्या. माझ्या भावानं तर भिंत घालायचाच सल्ला दिला.

कुणी भांडायला आलं नाही. बायका मुकाट्यानं रस्त्यानं वळसा घालू लागल्या. चार दिवसांनी ताराबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्यानं आल्या आणि आत्याच्या दारापाशी कठडा धरून उभ्या राहिल्या. सत्तरीची बाई, घामानं निथळलेली. आत्यानं विचारलं, "अहो, एवढ्या लांबून का आलात? गुडघ्याला जपायला सांगितलं होतं ना मी?"

"व्हय की," ताराबाई म्हणाल्या, "पर तिकडं काट्या हायेत न्हवं, बाई."

त्यात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती, आणि तेच आत्याला लागलं. संध्याकाळी मला फोन: "रविवारी ये. येताना खोडरबर आण."

मी गेले तर काट्या निघालेल्या होत्या. आत्यानं मला काही काढू दिलं नाही. फणसाखाली बसवलं आणि म्हणाली, "आधी बघ, त्या कशा चालतात." दिवसभर आम्ही बघत बसलो. कुठं पाय घसरतो, कुठं ओझं सावरायला थांबतात, दोघी बोलत निघाल्या तर वाट किती रुंद लागते. मग ती म्हणाली, "वाट त्यांनी आखलीय. आपण फक्त दोन्ही बाजू भरायच्या."

तसंच केलं. चढाला दगडाच्या बुटक्या पायऱ्या, ताराबाईंच्या गुडघ्याला झेपतील अशा. मधे एक उंच ओटा, भारा डोक्यावरून सरळ त्यावर सरकवता यावा म्हणून. त्याची उंची ठरवायला आत्यानं टेप घेऊन ताराबाईंना फणसाला टेकून उभं केलं, आणि त्या इतक्या हसायला लागल्या की तीनदा माप चुकलं. वाटेच्या कडेला गवती चहा, कढीपत्ता, अबोली, शेवंती. पहिल्या श्रावणात एक फूल जागेवर राहिलं नाही, सगळी बायकांच्या डोक्यात! आत्यानं वैतागून आतल्या बाजूला आणखी एक रांग लावली, "ही फक्त माझी" असं सगळ्यांना बजावून. तीही गेली. पण ज्या फुलं न्यायच्या त्याच येताना काहीतरी आणायच्या... कुणी केळीचा कोंब, कुणी हळदीचा गड्डा, कुणी माहेरच्या मोगऱ्याची फांदी. माझ्या कागदावरच्या दगडी कुंडीच्या जागी तर चक्क भोपळ्याचा मांडव चढला. मी कुरकुरले की आत्या म्हणायची, "तुझा आराखडा छानच होता गं. पण हा बोलतो माझ्याशी."

गेल्या रविवारी मी आणि भाऊ गेलो होतो, परसाचं पुढं काय करायचं ते बघायला. पाणी घालावं म्हणून मी पाइप ओढत मागं नेला, तर झाडांची सगळी आळी आधीच ओली. ताराबाईंना विचारलं. "जी जाती ती एक तांब्या वतती. त्यात काय?" थोड्या वेळानं बघितलं तर भाऊ शर्टाच्या बाह्या वर करून पायरीचा हललेला दगड बसवत होता.

तेवढ्यात वरच्या आळीतली एक सून मोबाईल कानाला लावून उतरत आली. कुणा पाहुणीला वाट सांगत होती. "थांब्यावर उतरलीस का? मंग रस्त्यानं नगं येऊस, लई लांब पडतं. नर्सबाईंची वाट कुटं म्हून इचार, कुणीबी सांगंल."

दहा मिनिटांत पाहुणी आली. पायरीवर टेकली, चहूकडं बघितलं, मला विचारलं, "तुमी कोन?"

"मी नर्सबाईंची भाची."

"आस्सं!" ती पाय सैल सोडत म्हणाली, "मंग च्या टाका की."

मी आत गेले आणि आधण ठेवलं... सगळ्यांसाठी.